बर्फाची पँट घेण्याआधी उलटी करून बघा

गोव्यात डिचोलीला माझं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाऊज, चवथीच्या आधी पोरांचे कुर्ते आणि मे संपत आला की रेनकोटांची दुरुस्ती. 2012 साली खाणी बंद होईपर्यंत खाणीवरच्या कामगारांचे रेनकोट माझ्याकडे ढिगाने यायचे. पाणी कापडातून क्वचितच शिरतं, ते शिवणीतून शिरतं, हे मी त्या रेनकोटांवर शिकले. पुढे हे शिक्षण बर्फात उपयोगी पडेल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

माझी भाची कॉलेजात असताना फेब्रुवारीत गुलमर्गला दोन आठवड्यांच्या स्की कोर्सला गेली. जाताना तिने ट्रॅकपँटवर रेनकोटची पीव्हीसीची पँट घालायची ठरवली. पाणी अडतं ना, मग झालं, असं मलाही वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पँट आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधल्या जोडात, फाटली. पीव्हीसी थंडीत कडक होतं आणि पाय फाकवला की घडीवर चिरतं. शिवाय ते इतकं गुळगुळीत की पडल्यावर थांबताच येईना, पोर उतारावरून घसरतच खाली जायची. चौथ्या दिवसापासून तिने जीन्स घातली. सुती कापड एकदा भिजलं की तिथे वाळत नाही, उलट संध्याकाळी ते ताठ होतं. घरी आली तेव्हा दोन्ही गुडघे लाल, खरबरीत झाले होते. मला फार वाईट वाटलं, कारण पोशाखाचा सल्ला मीच दिला होता.

पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली तेव्हा मीही सोबत गेले. मी स्की करत नाही. शिकाऊंच्या उताराच्या पायथ्याशी चार दिवस बसून परत येणाऱ्या प्रत्येकाची पँट कुठे भिजली आहे ते बघत राहिले. ओले डाग तीनच जागी दिसायचे: बसायची जागा, गुडघे आणि पायाच्या आतल्या बाजूला घोट्याजवळ. महागड्या पँटवर ते कमी होते, पण स्वस्तातल्याही काही पँटी दिवसभर कोरड्या राहिल्या होत्या. त्या कोणत्या आणि का, हे मी विचारून, हात लावून, उलटून बघितलं. आता आमच्या भागातून कुणी गुलमर्ग, औली किंवा सोलंगला निघालं की पँट दाखवायला माझ्याकडे येतं. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. माझा सल्ला अडीच ते चार हजारांच्या पँटसाठी आहे. त्याहून महाग घेणाऱ्याने खुशाल घ्यावी.

जाडी बघू नका

आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा विसाच्या आसपास आला की आपण स्वेटर काढतो. म्हणून गोव्याचा माणूस बर्फाची पँट घ्यायला गेला की आधी ती चिमटीत धरून जाडी बघतो आणि सगळ्यात फुगलेली घेतो. ही चूक सगळेच करतात. शिकाऊ माणसाला पहिले काही दिवस लिफ्ट मिळत नाही. स्की पायात घालून आडव्या पावलांनी उतार चढायचा, खाली यायचं, पुन्हा चढायचं. अर्ध्या तासात घाम फुटतो. जाड पँटमध्ये तो घाम आतच राहतो, आणि जेवणाच्या सुट्टीत बसलात की त्याच ओलीने मांड्या गार पडतात. बर्फ बाहेर राहिला तरी माणूस आतून भिजलेला असतो.

म्हणून पँट पातळ असली तरी चालेल, ऊब आतल्या थर्मलने मिळवा. आत अस्तराखाली पॉलिस्टरचा कापूस असेल तर लेबलवर दर चौरस मीटरला त्याचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान भरपूर झालं. काश्मिरात चिल्लई कलान म्हणतात ते 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस सर्वात कडक. त्या दिवसांत जायचं असेल तर थर्मलवर पातळ फ्लीसची पँट आणखी एक घाला, आणि उकडलं की काढा. जाड पँटचा कापूस असा काढता येत नाही. थर्मल लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं घ्या. सुती लेगिंग आत घालू नका, जीन्सचं जे झालं तेच त्याचं होतं.

लेबलवरचा आकडा

वॉटर रेपेलंट, वॉटर रेझिस्टंट, वॉटरप्रूफ हे तीन शब्द दुकानदार एकाच दमात बोलतात. पहिल्या दोन शब्दांनी फसू नका. कापडावर मारलेल्या द्रव्यामुळे पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, तेवढंच त्यांत असतं. दुकानात पाण्याचा थेंब टाकून दाखवतात तो हाच खेळ. दाब आला की तेच पाणी आत जातं. खरा आधार म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूचा लेप, आणि तो किती दाब सोसतो हे मिलिमीटरमध्ये सांगतात. 5,000 मिलिमीटर म्हणजे कापडावर पाच मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी तोवर थेंब पार होत नाही.

एवढं कशाला लागतं, पावसाला तर इतका जोर नसतो, असं मला एका गिऱ्हाइकाने विचारलं. मी त्याला हिशेब घालून दिला. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब. साठ किलोचा माणूस ओल्या बर्फावर दोन्ही गुडघे टेकून बसला आणि गुडघ्यांची टेकलेली जागा मिळून शंभर चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला सहाशे ग्रॅम भार येतो. म्हणजे सहा मीटर, 6,000 मिलिमीटर. बसताना भार पसरतो म्हणून दाब बराच कमी, पण शिकाऊ माणूस दिवसभरात पुन्हा पुन्हा गुडघ्यावर येतो. पडतो, उठतो, बुटाचा खटका लावायला वाकतो. म्हणून कोर्सला जाणाऱ्याने 10,000 च्या खालची घेऊ नये. सोलंगला एक दिवस मुलांबरोबर बर्फात खेळायचं असेल तर 5,000 पुरते. काहीच आकडा नसलेली पँट, मग तिच्यावर वॉटरप्रूफ कितीही ठळक छापलेलं असो, मी परत ठेवायला सांगते.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती वाफ बाहेर पडते तो. तोही पाच हजारांच्या वर असावा. पण स्वस्त पँटमध्ये या आकड्यापेक्षा मांडीच्या आतल्या बाजूला जाळीची चेन आहे का ते बघा. चढताना उघडायची, उतरताना लावायची. कापड कितीही चांगलं असलं तरी एवढी वाफ त्यातून जात नाही.

वारा अडतो का हे दुकानातच कळतं. कापडाचा एकच पदर तोंडाशी घट्ट धरा आणि फुंका. पलीकडे तळहाताला श्वास लागला तर वारा आत येणार. दुकानदार बघत असला तरी लाजू नका.

आता उलटी करा

माझ्या मते सगळी परीक्षा इथे आहे. पँट पूर्ण उलटी करा. अस्तर शिवून बंद केलेलं असेल तर कमरेपाशी किंवा बॉटमला जिथून आत बघता येईल तिथून बघा. प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची पारदर्शक किंवा करडी पट्टी उष्णतेने चिकटवलेली असायला हवी. तिला सीम टेप म्हणतात. ती का लागते ते सांगते. इंचाला दहा टाके धरा. तीस इंचांच्या शिवणीवर दोन टिपा मारल्या तर सुईने सहाशे भोकं पाडलेली असतात. कापडाचा आकडा दहा हजार असो की वीस हजार, त्या सहाशे भोकांना तो लागू नाही.

सगळ्या शिवणींना टेप असेल तर लेबलवर ‘फुली टेप्ड’ (fully taped) लिहितात. स्वस्तात ती क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी क्रिटिकली टेप्ड असतं, म्हणजे महत्त्वाच्या शिवणींवरच टेप. महत्त्वाच्या कुठल्या, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं. तुम्ही तीन जागा तपासा: मागची मधली शिवण कमरेपासून खाली, आसनात चार शिवणी मिळतात तो चौक, आणि पुढच्या चेनचं खालचं टोक. गुडघ्यावर आडवी शिवण असेल तर तीही. या जागी टेप आहे आणि बाहेरच्या बाजूच्या लांब शिवणीवर नाही, अशी पँट मी घेऊ देते. आसनाच्या चौकात टेप नाही, अशी नाही.

टेप नखाने हलकेच खरवडा. कडा उचलली गेली तर ती कशीबशी लावलेली आहे. चौकात टेपवर टेप येते, तिथे सुरकुती किंवा पोकळ फुगा दिसला तर तिथूनच पाणी येईल.

मग आसन बघा. चांगल्या पँटमध्ये तिथे सलवारीच्या कळीसारखा वेगळा तुकडा जोडलेला असतो. तो असला की पाय फाकवताना ताण एका बिंदूवर येत नाही. भाचीची पहिली पँट जिथे फाटली तिथे असा तुकडा नव्हता, चार शिवणी नुसत्या एकमेकांवर आल्या होत्या. आत किती माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सोडली आहे तेही बघा. कापड कडेपासून दोनतीन मिलिमीटरवरच शिवलं असेल तर ते टिपेतून सुटणार, मग दोरा कितीही पक्का असो.

गुडघे आणि बसायची जागा दुहेरी कापडाची असेल तर पन्नासशंभर रुपये जास्त गेले तरी द्या. आणि बॉटमला, घोट्याच्या आतल्या बाजूला, जाड कापडाचं ठिगळ हवंच. स्कीला दोन्ही कडांना पोलादाची धार असते. शिकाऊ माणसाची एक स्की दुसऱ्या पायाला लागतच राहते आणि नव्या पँटला पहिल्याच दिवशी तिथे कातरल्यासारखी चीर पडते. पायथ्याशी बसून मी असे बॉटम डझनावारी पाहिले. हे ठिगळ नसेल तर ते मी लावून देते. शाळेच्या जुन्या दप्तराचं जाड कापड त्याला उत्तम. एवढ्या खाली सुई चालवली तरी बिघडत नाही, कारण आत बूटच असतो. पण इतर कुठेही, विशेषतः बसायच्या जागी, कोणत्याही शिंप्याला टीप मारू देऊ नका. पँट लांब वाटली म्हणून कापूनही घेऊ नका. आतलं इलॅस्टिकचं कफ, ज्याला स्नो गेटर म्हणतात, तेही त्यात बिघडतं.

घालून बघताना

थर्मल घेऊन दुकानात जा आणि त्यावरच घालून बघा. खाली मांडी घालून बसा, उकिडवे बसा, एक पाय स्टुलावर ठेवा. मागे कमरेची कडा खाली सरकून पाठ उघडी पडली तर पडताना बर्फ तिथूनच आत जाईल. मागे उंच कंबर आणि गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, असलेली पँट त्यासाठी बरी. बायकांनी एक गोष्ट आधीच बघावी: गॅलिसचं बक्कल जॅकेट न काढता सुटतं का. डोंगरावर स्वच्छतागृह शोधायचं, वर चार थर उतरवायचे, हे किती कठीण जातं ते भाचीने मला फार कळवळून सांगितलं होतं.

स्की बूट आपल्याकडे मिळत नाही, पण गमबूट मिळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातसुद्धा सापडेल. गमबूट घालून त्याभोवती टॉवेल गुंडाळा, साधारण स्की बुटाएवढा फुगवटा येतो. आतलं कफ त्यावरून ताणून खाली जायला हवं आणि बाहेरचं कापड त्यावर सैल पडायला हवं. कफाच्या आतल्या कडेला रबराची रेघ असेल तर ते वर सरकत नाही. अनवाणी उभं राहिल्यावर मागची कडा जमिनीला टेकली तर लांबी बरोबर आहे.

चेन वीसेक वेळा लावा आणि उघडा, शेवटी हातमोजा घालून. ओढायला दोरीचा फास नसेल तर घरी बांधता येतो. दात अडखळले तर मात्र सोडून द्या. चेन बदलणं माझं रोजचं काम आहे, पण या पँटची चेन बदलली की तिच्या दोन्ही बाजूंची टेप जाते.

घरी आणल्यावर

परत घेण्याची मुदत आधी विचारून ठेवा आणि लेबल न काढता पहिल्याच दोन दिवसांत ही परीक्षा करा. बालदीत पाणी घ्या, जाड टॉवेल भिजवून न पिळता स्टुलावर पसरा. पँटच्या आत, बसायच्या जागी वर्तमानपत्राचा कागद ठेवून पँट घाला आणि पंधरा मिनिटं बसा. मग गुडघ्यात कागद ठेवून त्याच टॉवेलवर पाच मिनिटं गुडघे टेका. कागद काढून उजेडात धरा. ओलीची रेघ उमटली तर शिवण गळते, गोल डाग उमटला तर कापड. रेघ दुरुस्त होते, डाग होत नाही. डाग दिसला तर पँट परत करा. पावसाळ्यात खरेदी केली असेल तर पडवीच्या पन्हळाखाली पाय धरून बसा, त्याहून कडक परीक्षा नाही.

टेप नसलेली शिवण घरी बंद करता येते. पॉलियुरेथेनचं सीम सीलर बाटलीत मिळतं. शिवण आतून स्पिरिटने पुसायची, बारीक ब्रशने टाक्यांवर पातळ थर द्यायचा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पसरून वाळू द्यायची. मी बाहेरच्या लांब शिवणींना हेच करते. पँटवर फार तर तीनचारशे रुपये आणखी पडतात आणि ती फुली टेप्डच्या बरीच जवळ जाते.

भाड्याचं काय, असंही विचारतात. मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला नंबर घातलेल्या दुकानांत अख्खा सूट आणि बूट भाड्याने मिळतात. एका दिवसाच्या सहलीला तेच घ्या. फक्त आदल्या गिऱ्हाइकाच्या वापराने तो आतून ओला नाही ना, हे हात घालून बघा. दोन आठवड्यांच्या कोर्सला मात्र स्वतःची पँट हवी.

गोव्यातली हवा

ही गोष्ट थंड मुलखातले लोक सांगत नाहीत, कारण त्यांना ती लागत नाही. पँटच्या आतला लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या बाष्पाने तो हळूहळू तुटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून कपाटावर ठेवलेली पँट तिसऱ्याचौथ्या वर्षी उघडली की आत चिकट लागते, आंबूस वास येतो आणि पांढरे पापुद्रे गळतात. असं झालं की तिला काहीच उपाय नाही. माझ्याकडे अशा पँटी घेऊन लोक येतात आणि मला त्यांना नाही म्हणावं लागतं. म्हणून ओळखीच्याची जुनी पँट घेताना किंवा सेलमधला जुना माल घेताना आत नाक घालून वास घ्या आणि लेप अंगठ्याने चोळा.

धुताना साबण थोडा, दोनदा खळबळून काढा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याने पाणी झटकायचा गुण जातो. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवा, थेंब पुन्हा घरंगळू लागतात. मग घडी न घालता हँगरला टांगा, हवा खेळेल अशा जागी, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. आतल्या लेबलवर खरेदीचं वर्ष न पुसणाऱ्या पेनाने लिहा.

भाचीच्या पँटवर 2019 लिहिलेलं आहे. दर दसऱ्याला ती मी बाहेर काढते, उलटी करते आणि सावलीत वाऱ्यावर टाकते. गेल्या दसऱ्याला डाव्या गुडघ्याच्या शिवणीवरची टेप बोटभर सुटलेली दिसली. सुती फडकं ठेवून मंद इस्त्रीने दाबली, वर सीलरचा एक हात दिला, टॉवेलावर कागदाची परीक्षा केली. कागद कोरडा निघाला. जानेवारीत ती तीच पँट घालून औलीला गेली.